दुसरं बोलावणं

नोव्हेंबर लागला की आमच्या सेरंगूनच्या मॉलमधल्या सुपरमार्केटात, मासळीच्या शेजारच्या फ्रीजरमध्ये टर्की येऊन पडतात. प्लॅस्टिकात आवळून बांधलेल्या, दगडासारख्या टणक, एकेक तान्ह्या बाळाएवढी. लोक वाकून बघतात, किंमत वाचतात आणि फिशबॉलचं पाकीट उचलून पुढे जातात. मीही बघते. एखादीला बोट लावते, बोट गारठतं, आणि मग भाजीच्या बाजूला जाऊन लाल भोपळ्याची एक फोड घेते. पाच वर्षं झाली, दर नोव्हेंबरला माझं हे असंच.

बाहेर तोवर पाऊस सुरू झालेला असतो. विषुववृत्तालगतच्या या बेटावर नोव्हेंबरचा पाऊस वेळेचा पक्का. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ काळं होतं, एक मोठा गडगडाट होतो, तासभर पाणी कोसळतं आणि मग काही झालंच नाही असं ऊन पडतं. आमच्याकडे वऱ्हाडात नोव्हेंबर कोरडा. कापसाचा महिना. सकाळी हवेत गारवा, आणि जिनिंगच्या बाजूने वारा आला की नाकात, केसांत, भाकरीच्या पिठात कापसाचं तूस. बाबा जिनिंगमध्ये हमाल होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. मला लहानपणी वाटायचं, माणूस दिवसभर काम करून म्हातारा होतो आणि रात्री झोपला की पुन्हा तरुण होतो.

आई कापूस वेचायला जायची. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादही करतात. मालकीण झाडाच्या बुडाशी दहीभात ठेवते आणि मग तोच दहीभात वेचणाऱ्या बायांना मिळतो. आई स्वतः अर्धा खायची आणि अर्धा पळसाच्या पानात बांधून आमच्यासाठी आणायची. अमेरिकन लोकांचा थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो, सुगी झाली की घरच्यांना आणि बाहेरच्यांना एका टेबलाशी बसवून जेवायचं आणि आभार मानायचे, हे मला पहिल्यांदा कोणी समजावून सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, म्हणजे सीतादहीच की. तोंडाने काही बोलले नाही. तेव्हा मी तोंडाने फारसं काही बोलतच नव्हते.

समजावून सांगितलं ते कॅरल मॅडमनी. त्या आमच्या लॅबच्या प्रमुख. अमेरिकेच्या, साठीला आलेल्या, उंच, किंचित पोक काढून चालणाऱ्या. नवरा वारलेला, मुलगा तिकडेच. बुकित तिमाहच्या एका काँडोतल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. पाणी गाळायच्या बारीक पडद्यांवर आमचं संशोधन चालायचं आणि अमरावतीहून पीएच.डी. करून मी त्यांच्या हाताखाली आले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. ज्याच्या घरात सगळेच शिकलेले असतात त्याने आणावा. लॅबमध्ये सगळे त्यांना नुसतं कॅरल म्हणत. माझ्या जिभेला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी मॅडमच म्हणत राहिले.

माझी खोली सेरंगूनमध्येच होती, एका चिनी आँटींच्या फ्लॅटमध्ये. जाहिरातीतच लिहिलं होतं, ‘लाइट कुकिंग ओन्ली’. म्हणजे अंडं उकडा, नूडल्स शिजवा, फोडणी देऊ नका. फोडणीशिवाय माणूस किती दिवस राहू शकतो, हा प्रयोग मी लॅबबाहेर दोन वर्षं केला. आँटींच्या हॉलमध्ये देव्हारा होता, त्यात पांढऱ्या देवीची मूर्ती, पुढे तीन संत्री. मी बुद्धिस्ट आहे म्हटल्यावर त्या फार खूश झाल्या होत्या. मग महिनाभर माझ्यावर नजर ठेवून होत्या. ना उदबत्ती, ना संत्री, ना पौर्णिमेला मांस बंद. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, ‘यू व्हॉट काइंड ऑफ बुद्धिस्ट, आह?’ मी म्हटलं, शाळेत जाणारी. त्यांना ते काही कळलं नाही, आणि मला पुढचं समजावून सांगण्याएवढं इंग्रजी सुचलं नाही.

पहिल्या वर्षी कोणीतरी नंबर दिला म्हणून मरीन परेडला एका मराठी घरीही जाऊन आले होते. चांगली माणसं. चहा, चिवडा, बाल्कनीतून समुद्र. मूळ कुठलं, आडनाव काय, हे विचारून झालं. आडनाव ऐकल्यावर बोलणं थोडं थांबलं आणि मग हवेवर गेलं. निघताना वहिनी म्हणाल्या, ‘या हं कधीतरी.’ ‘कधीतरी’ला तारीख नसते. मी पुन्हा गेले नाही. त्यांनीही पुन्हा बोलावलं नाही. कोणाचंच काही चुकलं नाही, असं धरून चाललं की दिवस बरे जातात.

तर पहिला नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग गुरुवारी असतो, पण इथे गुरुवारी सुट्टी कुठली, म्हणून मॅडमनी शनिवार ठरवला होता. लॅबमधल्या सगळ्यांना मेल आला. मग माझ्या टेबलाशी येऊन त्या स्वतः म्हणाल्या, ‘प्रज्ञा, येशील ना?’ मी म्हटलं, येईन.

शनिवारी दुपारीच अंघोळ केली. आईने दिलेली निळी साडी नेसले. फळांची टोपली आणून ठेवली होती, तिच्यावरचा जिलेटीनचा कागद हात लागला की कुरकुरायचा. पाच वाजता मी पलंगाच्या कडेवर बसले. फोन उशीवर ठेवला. आणि वाट बघायला लागले.

वाट कशाची, हे इथल्या कोणाला सांगून कळणार नाही, पण माझ्या गावच्या माणसाला विचारायचीही गरज पडणार नाही. आमच्याकडे जेवणाचं बोलावणं दोनदा येतं. सकाळी आवतण: आज आमच्याकडे जेवायला या. ते ऐकायचं, हो म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. पानं मांडून झाली की घरचं माणूस पुन्हा दारात येतं: चला, पानं वाढलीत. त्या दुसऱ्या बोलावण्यावर उठायचं. नुसत्या आवतणावर जाऊन बसतो तो हावरा.

आणि आमच्या वस्तीला ते दुसरं बोलावणं सगळ्यांच्या शेवटी यायचं. गावाच्या पंगती उठल्यावर. माझे आजोबा एकदा त्याची वाट न बघता गेले होते, मांडव त्यांनीच उभारला होता म्हणून. त्यांना मांडवाबाहेर थांबवलं, ऊन कलेपर्यंत. बाबा तेव्हा लहान होते, त्यांच्या बोटाला धरून उभे होते. पुढे बाबांनी स्वतःचं घर केलं तेव्हा त्या घराचा एकच कायदा केला. दुसरं बोलावणं आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि पंगती उठल्यावर आलं तर जायचंच नाही.

मी तो कायदा डोळ्यांनी बघितला आहे. नऊ-दहा वर्षांची असेन. मनोहररावांच्या मुलीचं लग्न होतं. मनोहरराव जिनिंगमधले काटेवाले, बाबांनी उचललेल्या गाठींचं वजन ते लिहायचे. सकाळी आवतण आलं. मी नवा फ्रॉक घालून दारात बसले. लाऊडस्पीकरवरून एकेक पंगत ऐकू येत होती, वाढप्यांची हाळी, श्लोक, पुन्हा वाढप्यांची हाळी. ऊन भिंतीवरून उतरून अंगणात आलं, अंगणातून रस्त्यावर गेलं. लाऊडस्पीकर बंद झाला. त्यानंतर मनोहरराव स्वतः आले, खांद्यावर पंचा, फेट्याचं टोक सुटलेलं. ‘चला, पानं वाढलीत,’ म्हणाले.

बाबांनी आधी उन्हाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ‘जेवन झालं आमचं,’ म्हणाले.

घरात चूलही पेटलेली नव्हती. मनोहरराव थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि गेले. ते वळणावर दिसेनासे झाल्यावर आईने चूल पेटवली. त्या दिवशीचं पिठलं मी ताठ बसून खाल्लं. त्याच्याइतकं चांगलं पिठलं मी नंतर कुठे खाल्लं नाही, आणि त्यात मीठ कमी होतं हेही मला आठवतं.

तशीच मी सेरंगूनमध्ये पलंगाच्या कडेवर ताठ बसून होते. सहा वाजले. सात वाजले आणि इथे रोज सातला होतो तसा एकदम अंधार झाला. इथे संध्याकाळ रेंगाळत नाही, बटण दाबल्यासारखी संपते. फोन वाजला नाही. आठ वाजता मी साडीची घडी घातली आणि पावाला दही लावून खाल्लं. मनात म्हटलं, बरं झालं गेले नाही.

सोमवारी माझ्या टेबलावर एक डबा होता. वरून फॉइल, आत टर्कीचे काप, बटाट्याचा लगदा, भोपळ्याच्या पायची एक फोड. डब्यावर एक जाड कागदाचं कार्ड उभं केलेलं. टेबलावर ज्याच्या त्याच्या जागेपुढे ठेवायचं असतं तसलं. त्याच्यावर माझं नाव होतं, देवनागरीत. कुठून तरी बघून काढलेलं. ‘ज्ञ’ रांगोळीसारखा गिरवून गिरवून केला होता आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी, पट्टीने मारलेली. मॅडम काचेपलीकडून म्हणाल्या, ‘तुझं ताट आम्ही ठेवलं होतं.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

मी म्हटलं, बरं नव्हतं मला.

मी तोंडावर बोलणारी म्हणून आमच्या कॉलेजात बदनाम होते. गाइडला त्याची चूक दाखवून दिलेली मुलगी मी. पण तो डबा हातात धरून मी खोटं बोलले. डबा धुऊन परत केला. कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं, आणि वर्षभर तो ड्रॉवर उघडताना मी दुसरीकडे बघत असे.

पुढचा नोव्हेंबर आला तेव्हा मॅडम जायच्या बेतात होत्या. इथलं काम संपलं होतं, डिसेंबरच्या मध्यावर विमान. घर खोक्यांत गेलं आहे, यंदा जेवण नाही, असं त्यांनी सगळ्यांना कळवून टाकलं. तो मेल मी तीनदा वाचला. एका रिकाम्या ताटाचं देणं माझ्याकडे राहिलं होतं आणि ज्याला ते द्यायचं ते माणूस महिन्याभरात जाणार होतं. मी त्यांच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, शनिवारी साडेसहाला माझ्याकडे. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘मला आवडेल.’

बोलावून तर बसले, आता करायचं काय? आधी टर्की बघायला गेले. तिची किंमत बघून हात मागे घेतला. ती परवडली असती तरी आमच्या फ्लॅटमध्ये भट्टी नव्हती. होता तो एक गॅस, एक राइस कुकर आणि आँटींचं वाफेचं भांडं. आणि टर्की आँटींच्या फ्रिजमध्ये मावली नसती. मी हाताने माप दाखवलं तर त्या म्हणाल्या, पक्षी आत ठेव आणि फ्रिज बाहेर ठेव, लाह. फोडणीची परवानगी मात्र त्यांनी एका दिवसापुरती दिली. अट एकच, खिडक्या उघड्या आणि त्यांनाही जेवायला बसवायचं.

मग मी ठरवलं की त्यांच्या प्रत्येक पदार्थाला आपलं एक नातेवाईक शोधायचं. भोपळ्याच्या पायला बाखरभाजी, आमच्याकडे लग्नात होते ती, भोपळ्याची, खोबरं-खसखस भाजून वाटून. फोनवर आईला सांगितलं की इथे खसखस आणायला सरकारची बंदी आहे. ती म्हणाली, ‘खसखशीनं त्यायचं काय वाकडं केलं?’ शेवटी तीळ घ्यायचं ठरलं. आंबट फळांच्या लाल सॉसऐवजी चिंचगुळाची चटणी. बटाट्याचा लगदा तसाच, फक्त वरून जिरं-मिरचीची फोडणी. मक्याची कणसं दोन्हीकडे सारखीच निघाली. राहिला पक्षी. खालच्या हॉकर सेंटरमध्ये चिकन-राइसच्या गाड्यावर भाजलेल्या कोंबड्या टांगलेल्या असतात, त्यातली एक सांगून ठेवली. तिथल्या काकांना म्हटलं, तुकडे करू नका, अख्खी द्या. ते सुरी हातात धरून थांबले. ‘नो चॉप?’ नो चॉप. ‘होल?’ होल. त्यांनी शेजारच्या गाडेवाल्याला हाक मारून ही बातमी सांगितली.

हा सगळा बेत मी लॅबमधल्या प्रयोगासारखा कागदावर मांडला होता, किती वाजता काय. शनिवारी चार वाजता पाऊस ओसरला. सहाला भाजी उतरली, सव्वासहाला काका स्वतः कोंबडी कागदात गुंडाळून वर घेऊन आले. घडीचं टेबल हॉलमध्ये मांडलं. तीन ताटं. आँटींनी देव्हाऱ्यातलं एक संत्रं आणून मधोमध ठेवलं. आणि मी ड्रॉवरमधून आणलेलं ते कार्ड काढलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर इंग्रजीत ‘कॅरल’ लिहिलं. ‘मॅडम’ लिहिणार होते, पण जिभेला न जमलेलं तेवढं कागदावर जमलं.

साडेसहा झाले. पावणेसात. सातला बटण दाबलं आणि बाहेर अंधार. कोंबडीची चमक गेली, बटाट्यावर साय धरल्यासारखं झालं. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते, ताठ. आँटी टीव्ही बघत होत्या, म्हणजे टीव्ही चालू होता आणि त्या मला बघत होत्या.

‘कॉल हर, लाह,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, त्यांना पत्ता दिलेला आहे. वेळ सांगितलेली आहे. यायचं असेल तर येतील. मागच्या वर्षी मी गेले नाही, यंदा त्या येणार नाहीत. झालं, फिटलं.

आँटींनी टीव्हीचा आवाज बारीक केला. ‘यू नो कॉल, शी नो कम,’ म्हणाल्या आणि पुन्हा आवाज वाढवला.

तिथे मला ते कळलं. इतकं साधं की लाज वाटली. आयुष्यभर मी बोलावण्याची वाट बघणाऱ्यांच्या घरात राहिले होते. आमच्याकडे कोणी जेवायला यायचंच नाही, त्यामुळे बोलावणारा कुठून निघतो आणि कुठे जातो, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. पानं माझ्या घरी वाढली होती. दुसरं बोलावणं माझ्याकडून जायचं होतं, आणि मी पाहुणीसारखी ताठ बसून होते.

फोन केला. वाजून वाजून बंद झाला. छत्री घेतली आणि निघाले. सर्कल लाइनची मेट्रो, पाच-सहा स्टेशनं, मग बस. डब्यात सगळे आपापल्या फोनमध्ये. मी मात्र हातावरच्या हळदीच्या डागाकडे बघत होते. काँडोच्या फाटकावर गार्डने नाव विचारलं, वर फोन लावला आणि मान हलवून आत सोडलं.

दार मॅडमनीच उघडलं. जुना टी-शर्ट, हातात सुपाचा मग. मागे छतापर्यंत खोकी आणि त्यांच्यामध्ये एकच खुर्ची. माझ्याकडे बघून त्या गोंधळल्या. काल रात्री त्यांनी मेल केला होता म्हणे: उद्याचं नक्की आहे ना, काही अडचण असेल तर मुळीच संकोच करू नकोस. माझं उत्तर गेलं नाही. गेल्या वर्षीही मी आले नव्हते. तेव्हा त्यांना वाटलं, मुलीने भिडेखातर बोलावलं असेल. पुन्हा विचारून तिला कशाला अवघडवायचं?

मी मेल बघितलाच नव्हता. भोपळा चिरत होते.

काय बोलायचं ते सगळं मी गाडीत इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. दारात उभी राहिले आणि त्यातलं एकही वाक्य जाग्यावर नव्हतं. तोंडातून आलं ते मराठीत आलं.

‘चला मॅडम, पानं वाढलीत.’

त्यांनी अर्थ विचारला नाही. सुपाचा मग खोक्यावर ठेवला आणि चपला शोधायला लागल्या. बूट सगळे खोक्यांत बांधलेले. शेवटी बाथरूमच्या रबरी स्लिपर घालून आल्या, तशाच, टी-शर्टवर.

येताना गाडीत मी त्यांना खरं सांगितलं. मागच्या वर्षी मी आजारी नव्हते. साडी नेसून बसले होते, तुमच्या फोनची वाट बघत. त्यांनी काळ्या खिडकीकडे तोंड वळवलं. म्हणाल्या, त्यांच्या आईने शिकवलं होतं की पाहुण्याला एकदा विचारावं आणि मग दार उघडं ठेवावं. पुन्हा विचारणं म्हणजे त्याचा दंड धरून ओढणं. ‘दार नऊपर्यंत उघडं होतं,’ त्या म्हणाल्या.

जेवण गार झालं होतं. आँटींनी सगळं वाफेच्या भांड्यात कोंबून गरम केलं, कोंबडीसकट. जेवायच्या आधी ज्याने त्याने कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं असतं, असं मॅडम म्हणाल्या. आँटी म्हणाल्या, ‘ईट फर्स्ट, लाह,’ आणि मॅडमना कोंबडीच्या मांडीचा तुकडा वाढला. माझी पाळी आलीच नाही. आली असती तरी मला ते जमलं नसतं. ज्यांनी आपल्यासाठी पान वाढलं त्यांना आम्ही आभार म्हणत नाही. मी बाखरभाजीचा डाव उचलला आणि म्हटलं, घ्या अजून. त्यांनी घेतली. मग पुन्हा म्हटलं, घ्या अजून. तेव्हाही त्यांनी घेतली. खसखशीशिवायची ती भाजी, तिखट जास्त झालेली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या खात होत्या. निघताना कार्ड उचलून दोन्ही बाजू बघितल्या आणि पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. त्यांना या जेवणाची सगळी खबर होती. पहिला प्रश्न तोच.

‘आली का बाई?’

‘आली. मी बोलवायला गेले होते.’

‘पायी?’

‘गाडीने. पण गेले.’

फोनमध्ये मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मग बाबा म्हणाले, ‘मनोहररावाच्या पोरीचं लगन आठवते का तुले?’ आठवते म्हटलं. ‘मुलीचा बाप सगळ्यात आखरी जेवते. त्यानं दोन पानं ठेवली होती. एक त्याचं, एक मायं. संगं बसू म्हने. दुसऱ्या दिवशी जिनिंगात समजलं.’

‘मग?’

‘मग काही नाही. तो वजन लिहीत राहिला, मी गाठी उचलत राहिलो.’

बाबा चुकले असं मी म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर ऐकूनही घेणार नाही. दर वेळी बोलावणं उशिरा आलं होतं. त्यातलं एक खरं होतं, हे उन्हाकडे बघून कसं ओळखायचं? त्या कायद्यावर मी उभी राहिले, शिकले, इथवर आले. पण तेवीस-चोवीस वर्षं ते दुसरं पान बाबांनी एकट्याने सांभाळलं, हेही आता मला माहीत आहे. आणि मनोहरराव त्या दिवशी एकटेच जेवले की जेवलेच नाहीत, हे कोणालाच माहीत नाही.

मॅडम गेल्या. दोन वर्षं मेल आले, मग नुसते फोटो, मग तेही नाहीत. आँटी फ्लॅट विकून मुलाकडे राहायला गेल्या. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मला पोचायला एक दिवस उशीर झाला. आता मी सेरंगूनमध्येच दुसऱ्या ब्लॉकमध्ये राहते, अख्खा फ्लॅट भाड्याने घेऊन. फोडणीला कोणाची परवानगी लागत नाही. आई इकडे येत नाही. विमानाचं भय नाही तिला, म्हणते दिवसभर तिथे बोलू कोणाशी.

आज नोव्हेंबरातला तोच शनिवार. चारला पाऊस ओसरला, भाजी सहाला उतरली. काकांच्या गाड्यावर आता त्यांची मुलगी असते, तिला ‘नो चॉप’ एकदाच सांगावं लागतं. लॅबमधल्या दोघांना म्हटलं होतं, पण एकाचं मूल आजारी आणि दुसरी सुट्टीवर. मी दोघांनाही दुसऱ्यांदा फोन करून बघितला. सातला बटण दाबलं. अंधार.

आईला फोन लावला. म्हटलं, फोन समोर ठेवू आणि संगं जेवू.

‘तू जेव बाई,’ ती म्हणाली. ‘मायं जेवन झालं.’

मी घड्याळाकडे बघितलं. इथे सात, म्हणजे तिकडे साडेचार. साडेचारला आमच्या गावात कोणाचंही जेवण झालेलं नसतं, आणि आमच्या घरात हे वाक्य कधी खरं नव्हतं. बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसरं ताट काढलं. समोर मांडलं. भाजी वाढली, चटणी वाढली, कणीस ठेवलं. मग पुन्हा फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला, जशी फोनवर हात ठेवूनच बसली होती.

‘आई,’ म्हटलं, ‘पानं वाढलीत. ये.’

पलीकडे मांडणीवरून ताट काढल्याचा आवाज आला.